ऑर्गनचा व्हॉल्व्ह

गिरगाव, १ मे १९६०

ती. यशोदाकाकूंना नमस्कार.

चार वर्षांपूर्वी तुमचा कमलाकांत संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चाला गेला नव्हता. त्याच्या तिघांच्या जॅझ बँडच्या तालमीत विजेवरचा ऑर्गन बंद पडला. दुरुस्ती माझ्याकडे असे. मी व्हॉल्व्ह गेल्याचं सांगून त्याला नवा आणायला फोर्टात पिटाळलं. गिटार ठेवत तो म्हणाला, "इंजिनीअरबाई, माझा चहा झाकून ठेवा!" वाटेत तो मोर्चावरच्या गोळीबारात गेला.

व्हॉल्व्ह चांगला होता. आतल्या तारेचा डाख दिलेला एक सांधा सुटला होता, हे मी दुसऱ्या दिवशी पाहिलं.

ऑर्गन आता नीट वाजतो. गिटारची पाळी आली की ऑर्गनवाला हात काढून घेतो आणि नुसता ड्रम चालतो.

आज लालबागला हेच सांगायला आले होते. तुम्ही त्याच्या फोटोपुढचा पेढा माझ्या हातावर ठेवलात आणि म्हणालात, "माझो झील ह्या म्हाराष्ट्रासाठी गेलो. खा गो चेडवा."

मी खाल्ला.

तुमची,
शकू