शेपटाच्या मागची गाडी

शुक्रवार, ४ ऑक्टोबर

यंदा मला शेपूट केलं! पाच दिवसांची सायकलफेरी, साठेक माणसं, आणि सगळ्यांच्या शेवटी मी. नारिंगी जाकीट दिलंय. नियम एकच: शेपटानं कोणाच्या पुढे जायचं नाही. जो सगळ्यात हळू, त्याच्या मागे राहायचं. शेपूट पोचलं म्हणजे सगळे पोचले, मग टेबलं आवरायची. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काकू, तुमच्याइतका धीर आहे कोणाकडे?" गोड बोलून शेपूट लावलं.

फेरी त्यांचीच. देणग्या जमतात, त्यातून डायलिसिसची यंत्रं येतात. माझा मुलगा त्यांच्याच दवाखान्यात, डायलिसिसच्या खोलीत खिडकीजवळच्या खुर्चीत पडलेला असायचा. यंत्रं थोडी, माणसं फार. पाळी चुकली की बाहेरच्या बाकावर संध्याकाळपर्यंत ताटकळायचा. त्याला जाऊन चार वर्षं झाली. कोणी विचारलं तर मी सांगते, त्या बाकासाठी सायकल मारते. बाक रिकामा झाला पाहिजे.

आजची खरी बातमी वेगळीच. नंबर घ्यायच्या रांगेत माझ्या पुढे कोण, तर विहीणबाई! सुनेची आई. जन्म बँकेच्या कॅश काउंटरवर गेला, सायकल म्हणजे कोपऱ्यावरून भाजी आणण्यापुरती. "वजन उतरवावं म्हटलं जरा," म्हणाल्या. वजन उतरवायला कोणी पाच दिवस रस्त्यावर येत नाही.

मला काय कळत नाही? गेल्या महिन्यात आल्या होत्या, तेव्हा मायलेकी दार लावून बसल्या. सून हल्ली फोन वाजला की गॅलरीत जाते. नजरेला नजर देत नाही. विहीणबाईंना लेक आणि नात परत स्वतःकडे न्यायच्या असणार. ते मला सांगायला एवढा खटाटोप. नेतीलही. मी कोण अडवणार? सून तरुण आहे, तिला तिचं घर आहे. पण त्या दोघी गेल्या की माझ्या घरात शिवणाच्या मशीनशिवाय दुसरा आवाज राहायचा नाही.

आपण होऊन विचारायचं नाही, एवढं ठरवलं आहे.

शनिवार, ५ ऑक्टोबर

सीटला गादी शिवली. सोफ्याच्या कामातला फोम उरला होता, वरून जाड कापड, खाली नाडी. झाल्यावर उरलेल्या तुकड्याकडे पाहत बसले. मग विहीणबाईंसाठीही एक शिवली. राग आपल्या जागी. त्यात त्यांच्या बुडाचा काय दोष?

नात शेजारी चिंध्या गोळा करत होती. म्हणाली, "आजी, बँकेतली आजी तुझ्या पुढे जाणार?"

"सगळेच जाणार. मी शेपूट ना."

"मग तू हरणार."

"शेपूट हरत नाही गं. ते मागेच असतं."

तिला पटलं नाही. मलाही फारसं नाही.

रविवार, ६ ऑक्टोबर

झेंडा पडला आणि मंडळी सुसाट. चौक संपेपर्यंत सगळे दिसेनासे. पुढे फक्त विहीणबाई, त्यांच्या मागे मी, माझ्या मागे गाडी.

ही गाडी म्हणजे पाणी, ट्यूबा, औषधाची पेटी आणि दमलेल्यांसाठी दोन बाकं. जो एकदा चढला त्याची फेरी तिथेच संपली. पोरं तिला कचरागाडी म्हणतात. चालवणारा नवीन आहे. लिफ्ट दुरुस्तीचं काम करतो, रजा टाकून आलाय. चाळिशीच्या आतला, कानाजवळ केस पिकलेले. म्हणाला, "एरवी लोकांना वर नेतो काकू. इथे नुसतं मागून यायचंय, आराम आहे."

विहीणबाई इतक्या हळू की मला पाय टेकावे लागतात. एका बाईनं पोराचा हात धरून रस्ता ओलांडला तोही आमच्यापेक्षा भरभर. रहदारीमुळे एकापाठोपाठ एक चालायची सक्ती, त्यामुळे बोलणं होत नाही. त्या मान न वळवता ओरडतात, मी मागून हूं म्हणते.

"विहीणबाई, उलटंच झालं की! लग्नात मी दारात उभी अन् तुम्ही खुर्चीत. आता मी पुढे अन् तुम्ही मागे!"

"तेव्हा बसायचं होतं की!"

"मुलीकडच्यांना कोण बसा म्हणतं!"

टोमणाच होता. पण गादीबद्दल मुक्कामावर दोनदा आभार मानले. बाईत खोट नाही, तेच तर अवघड आहे.

सोमवार, ७ ऑक्टोबर

मुक्काम शाळेत. लहान मुलांची बाकं, गुडघे हनुवटीला लागतात.

लिफ्टवाला पोरगा चांगला आहे. पोरगाच म्हणते मी, काय करू. चढावर विहीणबाई उतरल्या आणि सायकल ढकलत चालू लागल्या. दुसरा कोणी असता तर हॉर्न वाजवला असता. यानं इंजिन बंद केलं, उतरला आणि आमच्याबरोबर चालत आला. वर पोचल्यावर परत खाली जाऊन गाडी आणली. मी म्हटलं, "अरे, एवढा द्राविडी प्राणायाम कशाला?" तर म्हणे, "मागे इंजिन घुरघुरत असलं की माणसाला घाई होते."

हे त्याला कोणी शिकवलं असेल? आई नाही म्हणाला, बरीच वर्षं झाली. असती तर भेटून विचारलं असतं, काय खाऊ घालून वाढवला म्हणून. कोणाच्या तरी घरी जाईल, ते घर सुखी होईल.

विहीणबाईंनाही तो पसंत दिसतो. जेवताना सरकून सरकून त्याच्या शेजारची जागा मलाच देतात. त्यांचा स्वतःचा विषय अजून निघालेला नाही. एकदा तोंड उघडलं होतं, "विहीणबाई, आमच्या हिचं..." इतक्यात पाण्याचं पिंप आलं. बरं झालं आलं.

मंगळवार, ८ ऑक्टोबर

समोरून वारा. कोणीतरी छातीवर हात ठेवून मागे रेटतंय असा. विहीणबाईंचा चेहरा आज खरोखर उतरला. झाडाखाली आडव्याच झाल्या. लिफ्टवाल्यानं गाडी आडवी लावून त्यांना वाऱ्यापासून आडोसा केला आणि माझ्याशी बोलत बसला.

मी विचारलं, लिफ्टमध्ये माणूस अडकला की आधी काय करतोस? म्हणाला, "आधी बोलतो, दार मग उघडतो. घाबरलेल्या माणसापुढे दार उघडलं तरी त्याला पाऊल टाकता येत नाही."

मग एक किस्सा सांगितला. कोण्या तपासणी केंद्राच्या इमारतीत एक बाई अडकली होती. लोक आत रडतात, शिव्या देतात, मोबाइलवर ओरडतात. ही आतून काय म्हणाली? "अहो, माझं राहू द्या. माझ्या हातात लोकांच्या रक्ताच्या बाटल्या आहेत, त्या गरम होतील. फट करा आणि त्या आधी बाहेर घ्या." यानं फटीतून बाटल्यांचा डबा घेतला, फ्रीजमध्ये ठेवून आला, मग दार उघडलं. तोवर ती आत लिफ्टच्या फरशीवर बसून स्वतःचा जेवणाचा डबा खात होती. त्यालाही विचारलं, घेणार का?

मी खूप हसले. तो हसला नाही. माझ्याकडे पाहत राहिला, जरा जास्तच वेळ. मग चाकातली हवा बघायला गेला.

आज पाय दुखतायत. बास.

बुधवार, ९ ऑक्टोबर

ही गोष्ट मी आधी ऐकली आहे.

सकाळी पायडल मारता मारता एकदम उजेड पडला. फटीतून डबा. फरशीवर बसून जेवण. आमच्या स्वयंपाकघरात ऐकली होती, दोन वर्षांपूर्वी. सून तपासणी केंद्रातल्या कामावरून उशिरा आली होती. चप्पलही न काढता ओट्याला टेकून सांगत होती, आणि सांगता सांगता हसली. मुलगा गेल्यावर त्या घरात कोणी पहिल्यांदा हसलं ते त्या दिवशी. मी पोळी लाटत होते. लाटणं थांबलं होतं, म्हणून ध्यानात राहिलं. "दार उघडणाऱ्याला भाजी दिली मी," म्हणाली, "आई, तुमची भाजी. दोनदा घेतली त्यानं."

शेपटानं पुढे जायचं नसतं. मी गेले. विहीणबाईंच्या पुढे सायकल आडवी घातली.

"तुमची लेक आणि हा लिफ्टवाला. खरं की नाही?"

त्या उतरल्या, सायकल कुंपणाला लावली. रडतील वाटलं, तर म्हणाल्या, "सुटले बाई. रविवारपासून घशात अडकलं होतं."

सगळं बाहेर आलं. दोन वर्षांची ओळख. वर्षभरापूर्वी त्यानं विचारलं. हिनं सांगितलं, आई हो म्हणाल्या तर. आई म्हणजे मी. आणि मला विचारायची हिंमत तिला होईना. मग मायलेकींनी दार लावून हे शिजवलं. डॉक्टरीणबाईंकरवी मला शेपूट करायचं, तो गाडी चालवणार, विहीणबाई शेवटी राहणार, म्हणजे मी पाच दिवस त्याच्यासमोर.

"म्हणजे तुम्ही मुद्दाम हळू?"

"पहिले दोन दिवस मुद्दाम. आता खरंच हळू."

मला हसू आलं नाही. मी म्हटलं, "माझ्या घरातलं माझ्या पाठीमागे ठरवता. आणि मी मूर्खासारखी त्याचं कौतुक करतेय."

"पाठीमागे कसलं? तुम्हाला विचारल्याशिवाय काहीच ठरलेलं नाही. तुम्ही नाही म्हणालात तर ती हूं की चूं करणार नाही. तेच मला बघवत नाही."

मी परत मागे गेले. पाठीशी ती गाडी होती, पण दिवसभर वळून पाहिलं नाही.

मुलाची जागा. सारखं तेच मनात येतं. ताटाची, चपलांच्या मांडणीतली. त्याचा शर्ट मी अजून उसवलेला नाही, एरवी जुन्या कपड्याच्या मी चोवीस तासांत पिशव्या करते.

गुरुवार, १० ऑक्टोबर

शेवटचा दिवस. विहीणबाईंचा गुडघा सुजला. न्याहारीलाच लंगडत होत्या. लिफ्टवाल्यानं गाडीचं दार उघडून धरलं. त्या बसल्या नाहीत.

मी म्हटलं, "बसा की. तुमचं काम तर झालं." टाकून बोलले, कळत होतं.

त्या म्हणाल्या, "त्या बाकावर माझा जावईपण बसायचा, विहीणबाई. तुमच्या एकटीच्या बाकासाठी नाही आले मी."

चार वर्षं मी तो बाक माझाच धरून बसले होते.

शेवटच्या चढावर त्यांची सायकल मी धरली, माझी त्यानं, गाडी खालीच ठेवून. तिघं चालत निघालो. मी त्याला विचारलं, सरळच. "नातीचं काय?"

म्हणाला, "काकू, ते मी ठरवणारा कोण? ती आधी तुमची आहे. माझं घर तुमच्यापासून लांब पडतं. तुमच्या आळीत एक खोली रिकामी आहे, बघून ठेवली आहे. पण घेतलेली नाही. तुम्हाला विचारल्याशिवाय घेणार नाही."

"आणि भाजी?"

आधी गोंधळला. मग कान लाल झाले. "ती तर मी दोनदा घेतली होती."

फेरी दवाखान्याच्या आवारात संपते. टाळ्या वाजल्या, फेरीतले बाकी सगळे कधीचे पोचून चहा पिऊन बसलेले. फाटकाशी सून आणि नात उभ्या. सुनेनं आधी मला पाहिलं, मग आईला, आणि मग आमच्या पलीकडे, गाडीकडे. तेवढा एकच क्षण. लगेच मान खाली घातली, जणू चोरी पकडली.

मी तिच्याकडे न जाता आत गेले. ती खोली बघायची होती, दरवर्षी बघते. खिडकीजवळच्या खुर्चीत एक मुलगी होती, कॉलेजातली असेल. हाताला नळ्या, दुसऱ्या हातात पुस्तक. मला बघून म्हणाली, "जाकीट छान आहे."

ती खुर्ची रिकामी असती तर? मला काय बरं वाटलं असतं? बाक रिकामा असावा. खुर्ची कशाला रिकामी?

बाहेर आले. सून तिथेच उभी होती, पदराचं टोक पिळत. म्हटलं, "त्याला उद्या जेवायला बोलव. पाच दिवस आमच्या मागे फिरलाय, हाडं दिसायला लागलीत. तुझ्या आईलाही. भाजी मी करते."

ती म्हणाली, "आई." बस, एवढंच. मग माझ्या खांद्यावर डोकं ठेवलं. जाकीट भिजलं. घामानं आधीच भिजलेलं होतं, काही बिघडलं नाही.

नात म्हणाली, "आजी, तू खरंच शेवटी आलीस!"

शुक्रवार, ११ ऑक्टोबर

चार वाट्या भाजी संपली. तिसऱ्यांदा वाढायला मीच गेले.

शनिवार, १ फेब्रुवारी

लग्न झालं. लहानसंच. विहीणबाई सकाळपासून दारात उभ्या, येईल त्याला या, बसा करत. मीही त्यांच्या शेजारी. खुर्च्या भरपूर होत्या. दुपारी त्या कानात म्हणाल्या, "बसा की जरा, पाय सुजतील."

मी म्हटलं, "मुलीकडच्यांना कोण बसा म्हणतं?"

त्यांनी माझा हात धरला. शेवटचा पाहुणा जाईपर्यंत दोघी उभ्याच होतो.