चंद्रीला नाव टिकत नाही

मिरजगाव

तीर्थरूप कलाआत्यास,

तुझ्या मनकर्णेचा इथूनच वाकून नमस्कार. तिकडे अकोले तालुक्यात भाताची लावणी उरकली का, आणि चिखलात उभं राहून तुझा गुडघा रुसला तर नाही ना, ते कळव. (दादाला फोनवर विचारलं की तो 'आत्या बरी आहे' एवढंच सांगतो. पण तो तापाने फणफणलेल्या माणसालाही बरा आहे म्हणतो, म्हणून खात्री करते आहे.)

इकडे सगळे खुशाल. लग्नाची तयारी चालू आहे. तुषारच्या आईंच्या मनात लग्नात माझं नाव बदलायचं आहे. ताटातल्या तांदळात तुषारने अंगठीने 'मोनिका' लिहायचं, असं त्यांनी ठरवलं आहे. 'मनकर्णा ऐकून लोक इचारतील, सुनबाईला दात हायेत का पडले,' असं त्या म्हणाल्या. तू ठेवलेलं नाव आहे, म्हणून मला जरा लागलं. पण हे पत्र त्याबद्दल नाही. ते ऑफिसातल्या कॉम्प्युटरबद्दल आहे, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे तुझा गैरसमज व्हायला नको.

मी दूध संस्थेत कॉम्प्युटर सांभाळते हे तुला ठाऊक आहे. ते तीन आहेत. एक फार जुना, एक मधल्या वयाचा आणि एक कोरा करकरीत. दूध घालणाऱ्याला जी पावती मिळते तिच्यावर ती कुठल्या कॉम्प्युटरने काढली त्याचं नाव छापून येतं, म्हणजे काही चूक झाली तर कुणाला धरायचं ते कळतं. आमचे चेअरमन श्रीमंतभाऊ म्हणाले, 'आकडे माझ्या ध्यानात राहत न्हाईत पोरी, नावं ठेव.' आणि त्यांनीच आपल्या गोठ्यातली नावं दिली. जुनी झाली चंद्री, मधली गौरी. तिसऱ्याला ते नाव देणार तेवढ्यात त्यांना फोन आला आणि ते बोलत बोलत निघून गेले, ते गेलेच. (मी मनाने ठेवलं नाही. तो मान त्यांचा.)

चंद्रीला मी कॉम्प्युटरवर हुकूम टाइप करून सांगितलं की आजपासून तुझं नाव चंद्री. तिने लगेच मान्य केलं, पावत्यांवरही आलं. मला फार बरं वाटलं. दुपारी लाईट गेली. परत आली तेव्हा चंद्री आपलं जुनंच नाव सांगत होती, आधीच्या ऑपरेटरच्या मुलाचं. मी पुन्हा सांगितलं, तिने पुन्हा ऐकलं, पुन्हा लाईट गेली. मिरजगावात लाईटचं काय असतं ते तुला माहीत आहे. शेवटी एके दिवशी ती सुरूच होईना. मी घाबरून श्रीमंतभाऊंना फोन लावला आणि जे खरं तेच सांगितलं, की चंद्री सकाळपासून उठत नाही, अंग तापलंय, आतून घरघर येते.

थोड्या वेळाने त्यांनी धाडलेले जनावरांचे डॉक्टर राधाकृष्ण ऑफिसच्या दारात. हातात पिशवी, पिशवीत सलाईन. 'कुठं बसलीय?' म्हणाले. मी टेबलाकडे बोट दाखवलं. त्यांनी टेबलाखाली वाकून पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. मी सगळं समजावून सांगितल्यावर ते म्हणाले, 'ताई, हिला मी टोचू कुठं?' (त्यांची फेरी फुकट जाऊ नये म्हणून मी चहा मागवला. श्रीमंतभाऊ अजूनही वाटेत भेटले की चंद्रीला कडबा टाकला का म्हणून विचारतात.) आजार मात्र किरकोळ निघाला. आत पंख्यात धूळ साचली होती, ती झाडली आणि चंद्री उठली. उठली ती जुनंच नाव सांगत.

मग मी नीट बसून मुळापासून शोधलं. आत्या, यात गंमत आहे. कॉम्प्युटर जन्मतः नाव घेऊन येत नाही. सुरू होताना कुणीतरी त्याच्या कानात कुर्र करून ते सांगावं लागतं, आणि ही आत्या प्रत्येक घरात वेगळी असते. चंद्रीच्या घरी सकाळची कामं एकामागून एक करणारे छोटे छोटे प्रोग्रॅम आहेत. त्यांतला एक ठरलेली एक फाईल उघडतो आणि तिच्यात असेल ते नाव पुकारतो. मी सांगितलेलं नाव नुसतं तोंडी होतं, फाईलमध्ये जुनंच होतं, म्हणून लाईट गेली की संपलं. फाईलमध्ये लिहिलं आणि चंद्री चंद्री झाली. त्याच नावाच्या फाईलमध्ये मी गौरीचंही लिहिलं, तर गौरीने तिकडे ढुंकूनही पाहिलं नाही. तिच्या घरी नाव नेटवर्कच्या सेटिंगांत, एका कोपऱ्यातल्या ओळीत ठेवतात. तीच वस्तू, पण आपल्याकडे मीठ चुलीजवळ आणि शेजारी कपाटात, तसं.

तिसऱ्या नव्या मशीनमध्ये सगळा कारभार एकच मोठा कारभारी पाहतो. तोही आधी फाईल बघतो. पण ती रिकामी असेल तर नेटवर्ककडून आलेलं नाव निमूटपणे लावून घेतो. आमचा राऊटर जुना घेतलेला, आधी एका कापडदुकानात होता. त्यामुळे आमच्या दुधाच्या पावत्यांवर आठवडाभर 'साडीसेंटर' छापून येत होतं. मनात शंका नको म्हणून मी प्रत्येकाला ती चूक स्वतःहून दाखवली, ते चुकलंच. त्यानंतर कानिफनाथ गवळी रोज विचारतात, 'फॅट कमी लागली तर नुसता ब्लाऊजपीस देता का?'

एवढ्या खटाटोपातून मला कळलं ते असं. कुणी काय हाक मारली याला अर्थ नाही, लिहिलेलं कुठे आहे ते बघावं. आणि जिथे काहीच लिहिलेलं नाही, तिथे परक्याने दिलेलं चिकटतं. मी सहज तुषारला विचारलं की त्या ताटातल्या तांदळाचं पुढे काय करतात. तो विचार करून म्हणाला, 'खीर करत असतील.' पण हे पत्र त्याबद्दल नाही, हे मी वर म्हटलंच आहे.

दादा, वहिनींना नमस्कार. गुडघ्याला तेल लाव.

तुझी,
मनकर्णा

ता. क. आत्या, एक छोटं काम होतं. तुषारच्या आईंना मी परवा म्हणाले की आमच्याकडे मुलीचं नाव बदलायचं तर आत्याची परवानगी लागते, तशी रीत आहे. अशी रीत आपल्याकडे नाही हे मला माहीत आहे, आणि तेव्हापासून मला नीट जेवण जात नाही. खोटं बोलायचं नाही हे अक्षरं गिरवायच्या आधी तूच शिकवलंस. तेव्हा ती रीत तू कृपया लवकर सुरू कर. तुषारच्या आई येत्या रविवारी तुला फोन करणार आहेत. सुरू केलेली असली म्हणजे मी खोटी पडणार नाही. परवानगी मात्र देऊ नकोस. कधीपासूनची रीत म्हणाल्या, तर सरळ खोटं सांगू नकोस, नुसतं 'आमच्याकडे लई कडक हाय' एवढंच म्हण.

ता. क. दुसरा. तिसऱ्या मशीनचं नाव ठरलं. श्रीमंतभाऊंनी ते माझ्यावर सोपवलं, मी फाईलमध्ये पक्कं लिहिलं. काल तुषारच्या आईंनी विचारलं की ऑफिसात मोनिका नाव लावून घेतलंस का. मी म्हणाले, हो आई, लावलं, पावत्यांवरही छापून येतं. त्या फार खूश झाल्या. यात मी खोटं काहीच बोलले नाही ना, तेवढं उलट टपाली कळव.