फौजदारीण शहाणी झाली

ता. ९ जानेवारी

प्रिय ताई,

नमस्कार. घरी सगळं ठीक, असं लिहिणार होतो, पण हात अडला. हे फोनवर बोलता येत नाही. फळीच्या भिंतीपलीकडे आई असते आणि तिचे कान तुला माहीत आहेत.

आधी तुझ्या मांजरीचं सांगतो. फौजदारीण काल गेली. तू तिला पिशवीतून आणलंस तेव्हापासून माझ्या कापडं बेतायच्या टेबलावर तिचीच सत्ता. गेले काही महिने ती वर चढेनाशी झाली. आम्ही म्हणालो, म्हातारपणी का होईना, शहाणी झाली! गिऱ्हाइकांनाही कौतुकानं सांगायचो. मग ती तिच्या ट्रेबाहेर घाण करू लागली, तेव्हा मात्र आई आणि मी दोघंही तिच्यावर खेकसलो.

जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी तिला आधी नुसतं पाहिलं. डोळे किलकिले, कान बाजूला पडलेले, पाठ वाकलेली, कमरेवर केसांच्या गाठी. म्हणाल्या, "वळून अंग चाटणं जमत नाहीये तिला. ट्रेची कड ओलांडतानाही दुखतंय."

"अहो, पण ही तर मजेत गुरगुरतेय!"

"दुखत असलं तरी गुरगुरतात. स्वतःचीच समजूत घालतात."

कमरेचे सांधे पार झिजले होते. थेंबांचं औषध मिळालं, तेही बेतानं, कारण मूत्रपिंडं थकलेली. माणसांची गोळी चुकूनही देऊ नका, जीव जाईल, असा बाईंनी दम भरला. मी ट्रेची कड कापली, टेबलाला पायरी ठोकली. एकदा ती चढली आणि कुणाच्या तरी कोटाच्या अस्तरावर ऐसपैस पसरली. मी शिवण थांबवून तिच्याकडे बघत बसलो. पुढे औषध पुरेना. तिनं खाणं सोडलं, कपाटामागे जाऊन बसली. काल बाईंनी घरी येऊन इंजेक्शन दिलं. आईच्या मांडीवरच जीव सोडला तिनं.

आता जे लिहायचं ते लिहितो. मांजरीला पहिल्यांदा दाखवलं त्या दिवशी दवाखान्यातून परत आलो तर आई खिडकीशी बसली होती. डोळे किलकिले, पाठ वाकलेली. केस तिनं मागेच कापून घेतलेत. मी म्हणालो होतो, बरं झालं, सुटसुटीत. अगं, वेणी घालायला हात वर जात नव्हता तिचा. आणि ती गुणगुणत होती. तू फोनवर म्हणतेस ना, "मागे गाणी चाललीयेत, माझ्याशी बोलायला तेवढं तोंड उघडत नाही"? ताई, ती गाणी मजेची नाहीत गं.

मी तिला मोठ्या दवाखान्यात नेलं. कॅन्सर आहे, हाडांत उतरलाय. दुखणं कमी ठेवायचं, एवढंच आता त्यांच्या हातात आहे. "सांगितलं का नाहीस?" म्हणून मी ओरडलो तिच्यावर. तर म्हणाली, "तुम्हीच म्हणायचात ना, आई आता कटकट करत नाही, शहाणी झाली म्हणून."

तुझं आणि आईचं कशावरून बिनसलं त्यात मला पडायचं नाही. काल मांजरीच्या पाठीवरून हात फिरवताना ती म्हणाली, "हिला आणणारी असायला हवी होती." बस. यापुढे ती एक शब्द बोलणार नाही, तुला बोलावणं तर दूरच. म्हणून मी बोलावतोय. ये. हवं तर भांडायला ये, पण ती आहे तोवर ये.

तुझा,
अजून शहाणा न झालेला
धाकटा