लोखंडाची चव

मंगळवार, संध्याकाळ

केमो सुरू झाल्यापासून ह्यांना सगळंच लोखंडासारखं लागतंय. कालपासून पोटात काही नाही. डॉक्टर म्हणतात, थोडं थोडं, पण खायला घाला. घालू कसं? आज मऊ खिचडी केली, तर म्हणाले, "खिळे शिजवलेस का?" मी रडायच्या बेतात. तेवढ्यात शेजारच्या अक्का लिंबाचं रसम घेऊन आल्या. "स्वल्प घेऊन बघा हो." जन्मभर रसमला फोडणीचं पाणी म्हणणारा हा माणूस दोन वाट्या प्यायला! वर मला सांगतो, "ह्यात लोखंड नाही." इतका राग आला, अन् इतकं बरंही वाटलं. नवऱ्यानं दुसरीच्या हातचं मिटक्या मारत खावं आणि बायकोनं देवापुढे साखर ठेवावी, असं कुठं असतं का? मी ठेवली मात्र.