समोरच्या उतारावरून

६ एप्रिल, शनिवार

बर्फ कडक झालाय. सकाळी पाय टाकला तर टाचेपुरताच रुतला. बुनाच्या झाडांना कोंब फुटायला अजून दोन आठवडे, आणि कोंब फुटले की अस्वलं बिळातून बाहेर. एकवीस तारीख ठरली. आम्ही चौघंच – शिगेओ, तोकुजी, हेइजो आणि मी. एके काळी सतरा जण निघायचो!

शिगेओ येऊन गेला. लाकूड गिरणीतून थेट, अंगावर भुसा तसाच. म्हणाला, ‘इसाकुकाका, तुम्हाला जे जे येतं ते लिहून काढा की. तुमच्यानंतर समोर कोण उभं राहणार?’ मी म्हटलं, ‘मी कुठे चाललोय?’ हसला. पण नवी वही ठेवून गेला. बायकोला, मात्सुएला, वाटतंय मी तीच लिहीत बसलोय. ती वेगळी. ही वही माझी.

८ एप्रिल, सोमवार

शिगेओच्या वहीत चार पानं झाली. अक्षर मोठं काढतोय, पानं पटापट भरतात.

बिळातल्या अस्वलाचं लिहिलं. बिळाच्या तोंडात ओंडके खुपसायचे. अस्वल ते बाहेर ढकलत नाही, आत ओढून घेतं. एकेक ओढत जातं आणि आपलीच जागा अडवून बसतं. शेवटी सरकत सरकत तोंडाशी येतं. हे सांगितलं की कुणाला खरं वाटत नाही. मलाही वाटलं नव्हतं, वडिलांनी दाखवेपर्यंत.

पिल्लंवाल्या मादीला हात लावायचा नाही. एकटी दिसली तरी घाई करायची नाही, पिल्लं झाडावर असतात. वारा आपल्या तोंडावर हवा. पळत्या अस्वलावर लांबून गोळी झाडायची नाही, दहा पावलांवर येऊ द्यायचं. तेवढा दम नसेल तर बंदूक घरी ठेवावी. पडलेल्या अस्वलाकडे खालून जायचं नाही, वरून जायचं, आणि लांब काठीनं टोचून बघायचं.

मग हाक्याचं. घाबरलं की अस्वल वर पळतं. म्हणून हाकारे खालून ओरडत चढतात आणि बंदूकवाला वर धारेवर बसतो. आणि एक जण समोर, दरीच्या या बाजूच्या उतारावर. तो मी. तिथून सगळा डोंगर ताटात वाढल्यासारखा दिसतो. अस्वल कुठे वळलं ते बघून मी ओरडून सांगायचं – डावीकडे चढ, थांब, खाली ये. हाकाऱ्यांना झाडीत काही दिसत नाही. त्यांचे डोळे म्हणजे मी.

इथवर लिहिलं आणि पेन खाली ठेवलं.

९ एप्रिल, मंगळवार

दिवसभर धुकं. नदीपलीकडचं देऊळ दिसलं नाही. मात्सुए म्हणाली, ‘कसलं धुकं? लख्ख ऊन पडलंय.’

१२ एप्रिल, शुक्रवार

आज लिहूनच टाकतो.

मोतीबिंदू. दोन्ही डोळ्यांत. शहरातल्या डॉक्टरांनी पानगळीतच सांगितलं. मात्सुएला सांगितलं, दात दाखवायला गेलो होतो. डॉक्टर म्हणाले, ‘आजोबा, गाडीबिडी चालवत नाही ना?’ नाही म्हटलं. गाडी चालवत नाही मी. माणसं चालवतो!

पण डॉक्टरांकडे जायच्या आधीच कळलं होतं. गेल्या वर्षी, सव्वीस एप्रिलला. तोकुजी खाली डाव्या अंगाला होता. मला वर डावीकडे काळं दिसलं, हललं असं वाटलं. अस्वल तिकडे आहे म्हणजे उजवी बाजू मोकळी, तिकडून त्यानं वर यावं, असा माझा हिशेब. मी ओरडलो, तोकुजी, उजवीकडे चढ. तो उजवीकडे चढला. अस्वल तिथेच झुडपात बसलेलं. मी बघत होतो तो झाडाचा बुंधा होता. बर्फ बुंध्याभोवती आधी वितळतो, काळा गोल पडतो. हे मीच सगळ्यांना शिकवत आलो.

तोकुजीचा डावा गाल फाटला. पापणी अजून अर्धी मिटलेली असते. हाताची दोन बोटं वळत नाहीत. सगळे म्हणाले, अस्वल ऐन वेळी वळलं. तोकुजी दवाखान्यात पट्ट्यांमधून म्हणाला, ‘वळलं ते. इसाकु काय करणार त्याला?’ मी मान डोलावली. झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणून मान डोलावली. लहानपणापासूनचा मित्र माझा.

एक वर्ष होत आलं. अन्न गोड लागत नाही.

१५ एप्रिल, सोमवार

तोकुजी आला, धुरावलेल्या मुळ्याचं लोणचं घेऊन. बायको गेल्यापासून स्वतःच घालतो. खारट झालंय, पण बोललो नाही.

तास दीड तास बडबड. बोलायला लागला की दुसऱ्याला तोंड उघडू देत नाही, अलीकडे तर फारच. मात्सुए चहा देताना म्हणाली, ‘भिंतीशीसुद्धा बोलत असतील हे.’ मी दोनदा सुरुवात केली. ‘तोकुजी, गेल्या वर्षीचं मला…’ पण त्याचं आपलं बर्फ, बूट, वाढलेला दमा. जाताना बूट चढवता चढवता म्हणाला, ‘मला तिथेच ठेव हं, डाव्या अंगाला. मला भीती नाही. तू आहेस ना समोर.’

त्यानं एखादी मुस्काटात दिली असती तर बरं झालं असतं.

१८ एप्रिल, गुरुवार

शिगेओला सांगून त्याला समोर उभं करावं? मग धारेवर बंदूक घेऊन कोण बसणार? हेइजोचा हात कापतो. सबबी शोधतोय मी, दुसरं काय. सत्तेचाळीस वर्षं डोंगरावर, त्यातली एकवीस समोर. ती जागा सोडली की मी कोण? मुळ्याला मीठ लावणारा म्हातारा.

मात्सुए म्हणाली, ‘अहो, भात तसाच आहे.’ म्हटलं, पोट बरं नाही.

२१ एप्रिल, रविवार

गेलो. डोंगराच्या देवीला वाळवलेला मासा दाखवला. आपल्याहून कुरूप कुणीतरी आहे हे बघून ती खूश होते म्हणतात. आज माझंच तोंड दाखवायला हवं होतं.

तोकुजीला डाव्या अंगालाच ठेवलं. हे वाचून कुणी मला शिव्या घातल्या तर घालाव्यात.

समोर उभा राहिलो. पांढरा डोंगर आणि त्यावर काळे डाग, पंधरा-वीस. त्यातला एक अस्वल. कुठला? खालून हाकारा सुरू झाला, होओ-रे, होओ-रे. तोकुजीचा आवाज सगळ्यांत मोठा. मी हात वर केला, तोंड उघडलं आणि गेल्या वर्षीचा गाल डोळ्यांपुढे आला. पाऊण तास तसाच हात वर करून उभा होतो. एक शब्द बोललो नाही! तो तिकडे माझ्या भरवशावर चढतोय आणि मी खांबासारखा उभा.

मग वरून एक गोळी. शिगेओची हाळी, पडलं. पाठोपाठ तोकुजीचं मोठमोठ्यानं हसणं ऐकू आलं तेव्हा मी बर्फात बसलो.

मांसाचे चार वाटे केले. बंदूकवाल्याला जास्त नाही, म्हाताऱ्याला कमी नाही, नेहमीसारखेच. शिगेओ माझ्या कानाशी येऊन म्हणाला, ‘काका, आज एकदासुद्धा ओरडला नाहीत. वारा होता का तिकडे?’ तेवढ्यात तोकुजीनं माझ्या पाठीवर थाप मारली. ‘आज काय आवाज लागला होता इसाकुचा! एकेक शब्द ऐकला मी. डावीकडे म्हणाला, डावीकडे गेलो. वर म्हणाला, वर गेलो. वीस वर्षांत अशी हाक दिली नव्हती यानं.’

शिगेओ त्याच्याकडे बघत राहिला. हेइजो मांस बांधत होता. मी माझा वाटा उचलला आणि घरी आलो.

२२ एप्रिल, सोमवार

म्हणजे तोकुजीला सगळं माहीत आहे. डोळ्यांचंही आणि बुंध्याचंही. माहीत असून तो तिथेच उभा राहिला, आणि काल मी मुका झालो तर चारचौघांत मला झाकलं. ज्याचा गाल मी फाडला, त्यानं! आणि मी वर्षभर त्याच्यापासून लपवतोय. लाज वाटते.

दुपारी शिगेओला गिरणीत गाठलं आणि सगळं सांगून टाकलं. त्यानं यंत्र बंद केलं. मग म्हणाला, ‘ऑपरेशनला मी नेतो. पण तोकुजीकाकांना तुम्ही स्वतः सांगा, काका.’ उद्या जाऊन त्याच्यापुढे डोकं टेकणार आहे.

२३ एप्रिल, मंगळवार

तोकुजी अंगणात माझ्याकडे पाठ करून लाकडं फोडत होता. तोंडाकडे बघून बोलायचं धाडस नव्हतं, म्हणून मागूनच बोललो. डोळे, बुंधा, चुकीची हाक, त्याचा गाल, सगळं. तो फोडतच राहिला. वाटलं, रागावलाय. नाव घेतलं, तरी वळला नाही. मग डोंगरावर देतो तशी हाक दिली, दरीपलीकडे जाणारी. वरच्या घरची कुत्री भुंकायला लागली. नदीवरच्या बायका वळून बघायला लागल्या. तोकुजीनं पुढचा ओंडका उचलून ठोकळ्यावर ठेवला.

म्हणजे गेल्या वर्षीही माझी हाक त्याला ऐकू गेली नव्हती, तो उजवीकडे आपल्याच मनानं चढला होता.

मी वळसा घालून त्याला दिसेन असा समोर जाऊन उभा राहिलो.