वहिनींच्या वाणातली ट्यूब

सिडको, छत्रपती संभाजीनगर
फाल्गुन, रविवार (दुकान बंद)

ती. स्व. सौ. आशावहिनींच्या पायांशी धाकटा दीर सुदर्शन याचा नमस्कार पोचावा.

इकडं आम्ही सगळे बरे आहोत, म्हणजे चेहरा सोडून बाकी बरे आहोत. त्याचं पुढं येईलच. दादांचा गुडघा कसा आहे? तेल रोज चोळतात, की बाटली उशाशी ठेवली तरी आराम पडतो म्हणतात? मका निघाला असेल. पत्र बघून तुम्हाला नवल वाटेल, की फोन असताना याला कागद का सुचला. वहिनी, फोनवर तुम्ही बोलता आणि मी व्हय म्हणतो, हा आपला तुमच्या लग्नापासूनचा शिरस्ता आहे आणि तो मोडायची माझी छाती नाही. शिवाय तुमचा फोन ओसरीवर स्पीकरवर असतो आणि शेजारचे काकासाहेबही मधूनच मला पाऊसपाणी विचारतात. हा विषय बायामाणसांच्या चेहऱ्याचा आहे. तेव्हा हे पत्र मनातल्या मनात वाचावं आणि वाचल्यावर गव्हाच्या कोठीत टाकावं, दादांच्या हाती देऊ नये.

विषय असा, की आपल्या सोनियाच्या लग्नाला प्रेरणा येणार नाही म्हणत होती. सख्खी काकू, पोरीला हळद लावायचा मान तिचा, आणि ती म्हणे, ‘या तोंडानं मी मांडवात उभी राहणार नाय.’ आता तुम्ही रागावाल (तुम्ही रागावलात की मला इथं सिडकोत बसून कळतं), पण आधी सगळं ऐकून घ्या.

तिच्या वांगाचं तुम्हाला माहीतच आहे. श्रेयाच्या वेळी दिवस गेले तेव्हा आला. पोर झाली, रांगली, आता चौथीत पाढे म्हणते, पण वांग हललेला नाही. दोन्ही गालांवर आणि ओठाच्या वर असा काही बसलाय की जणू जागेचा सातबारा त्याच्या नावावर आहे. खरं सांगतो, मला त्याचा राग यायच्या आधी अचंबा वाटतो. जायफळ दुधात उगाळून लावलं, मसुरीची डाळ वाटून लावली, कच्चा बटाटा घासला, माझ्या सासूबाईंनी पोटातली उष्णता म्हणून सब्जा पाजला. कुणी म्हणालं देवाधर्माचं काही राहिलंय का बघा, तेही बघितलं. एकदा कॉलनीतल्या एका बाईनं लिंबू सांगितलं आणि ते चांगलं मुरावं म्हणून आमच्या घरातल्या शहाण्या माणसानं (म्हणजे मीच) तिला गच्चीवर उन्हात बसवलं. संध्याकाळी गालांची सालं निघाली, आणि सालाखालून वांग पहिल्यापेक्षा ठळक होऊन वर आला. इतका चिवटपणा मी माझ्या दुकानातल्या कुठल्याही तणात बघितला नाही, आणि तणनाशकं विकून माझे केस पांढरे झालेत.

त्यानंतर ती तोंडाला स्कार्फ गुंडाळायला लागली. आमच्या शहरात गाडीवरची प्रत्येक बाई डोळे सोडून सगळं गुंडाळते, त्यामुळं आधी मला काही वाटलं नाही. मग ती गाडीवरून उतरल्यावरही तो ठेवायला लागली. भाजी घेताना स्कार्फ, शाळेच्या स्टाफरूममध्ये स्कार्फ, मुंजीच्या पंगतीत तर घशाला संसर्ग झालाय सांगून न जेवता परत आली. मला ओळख पटेनाशी झाली. शहागंजात एकदा तिची वाट बघत उभा होतो, निळ्या ठिपक्यांचा स्कार्फ समोर आला, आणि मी भर बाजारात तिला समजावत बसलो, की बाई गं, तोंड लपवून का जगायचं, मला तू आहेस तशी आवडतेस, कितीही डाग असू दे. बाईनं सगळं शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, ‘भाऊ, लई चांगलं बोल्लात, पण मी तुमची नाय.’ प्रेरणा मागं उभी होती. तिनंही ऐकलं होतं.

तर अशा वेळी संक्रांत आली आणि तुमचं हळदीकुंकू आलं. वहिनी, वाण लुटावं तर तुम्ही. इतर बाया प्लास्टिकची चाळणी देतात, कंगवा देतात, अत्तराची रिकामी वाटावी अशी बाटली देतात. तुम्ही शहागंजातल्या तुमच्या माहेरच्या मोतीरामच्या दुकानातून चेहऱ्याच्या ट्यूबा खोकंभर मागवल्यात आणि बायकांच्या ओटीत एकेक घातलीत. असं वाण सिल्लोड तालुक्यात आजवर कुणी दिलं नसेल. प्रेरणानं घरी येऊन रात्री बोटभर लावली आणि पंधरवड्यात, काय सांगू, वांग दिसेना. इतकी वर्षं ज्याला कुणी हलवू शकलं नाही, तो तुमच्या वाणानं उठून गेला. मी तर ती ट्यूब देव्हाऱ्यात ठेवली. स्कार्फ खुंटीला लागला. प्रेरणा गाणं गुणगुणत भाकरी थापायची आणि मी दारात उभा राहून तिच्या तोंडाकडं बघत राहायचो. दुकानाला उशीर व्हायचा, पण गिऱ्हाइकाला काय सांगणार.

मग ट्यूब संपली. दोन-चार दिवसांत तोंड लालभडक झालं, मिरच्या कांडल्यासारखी आग व्हायला लागली. गॅससमोर उभं राहवेना. मोतीरामकडून नवीन ट्यूब आणली, लावली, लगेच थंड. ती संपली, पुन्हा भडका, आणि या वेळी बारीक पुटकुळ्या आल्या, गालांवर लव आली, आणि वांग परत आला तो गोतावळा घेऊन, कपाळावरसुद्धा. तेव्हाच तिनं लग्नाचं ते वाक्य म्हटलं, आरशाकडं बघून, माझ्याकडं नाही. मला लई वाईट वाटलं, वहिनी. मी दिवसभर काउंटरवर बसून शेतकऱ्यांना सांगतो, की शेजाऱ्यानं फवारलं म्हणून तुम्ही फवारू नका, आधी रोगाचं पान तोडून आणा, मला दाखवा, मग औषध न्या, नाही तर पीक जळेल. आणि घरच्या माणसाचं तोंड आम्ही इतक्या वर्षांत एकदाही कुणा जाणत्याला दाखवलं नव्हतं.

शेवटी गारखेड्यातल्या एका कातडीच्या डॉक्टरीणबाईंकडं गेलो. बाहेरच्या बाकांवर सगळ्या स्कार्फवाल्या बसलेल्या, नुसते डोळे. उकाडा मरणाचा. एकीनं पाणी प्यायला स्कार्फ खाली केला, तर ती तुमच्या गल्लीतल्या फकिराची सून. तिला बघून दुसरीनं केला, ती तलाठ्याची बायको. मग कोपऱ्यातल्या जिनिंगवाल्या बाई. सगळं तुमचं हळदीकुंकू तिथं भरलं होतं, फक्त तिळगूळ नव्हता. सगळ्यांची तोंडं प्रेरणासारखीच लाल. एकमेकींकडं बघितलं आणि सगळ्यांनी एकदमच स्कार्फ वर ओढले. तुमचं नाव कुणाच्या तोंडून निघालं नाही. असा दरारा मी कलेक्टरचाही बघितलेला नाही.

आत गेल्यावर डॉक्टरीणबाईंनी विचारलं, काय लावता? प्रेरणानं पर्समधून ट्यूब काढली. बाईंनी टेबलाचा खण उघडला आणि तशाच आणखी ट्यूबा काढून तिच्या शेजारी मांडल्या, सकाळपासूनच्या. मग म्हणाल्या, ‘सिल्लोडला हे औषध देणारे डॉक्टर कोण आहेत?’ प्रेरणा पंख्याकडं बघायला लागली. मी भिंतीवरचा तक्ता वाचायला लागलो. त्यावर बाई म्हणाल्या, या प्रश्नाला सिल्लोडच्या सगळ्याच बायका पंख्याकडं बघतात.

मग त्यांनी खोलीत अंधार केला आणि निळसर उजेडाचा एक दिवा प्रेरणाच्या चेहऱ्यावर धरला. वहिनी, इतकी वर्षं मी ज्या तोंडाकडं बघत आलो, ते मी कधी बघितलंच नव्हतं असं वाटलं. जे डाग वरून दिसतात ते तर होतेच, त्यांच्या पलीकडं, नितळ वाटणाऱ्या कातडीतही सावल्या पसरलेल्या होत्या. कुठल्या उन्हाची, कुठल्या चुलीची, कुठल्या बाळंतपणाची, सगळ्याची खूण या बाईनं तोंडावर वागवली आणि आम्ही तिच्यावर बटाटे घासत बसलो. बाईंनी सांगितलं, की हा अंगातल्या संप्रेरकांचा आणि उन्हाचा खेळ आहे, यात तुमची काही चूक नाही. ना पोटातली उष्णता, ना देवाधर्माचं. चूक नाही म्हटल्याबरोबर प्रेरणा रडली. निळ्या उजेडात रडणं लपत नाही.

ट्यूबचं त्यांनी असं सांगितलं, की त्यात स्टेरॉइड आहे. ते वाईट औषध नाही, पण ते डॉक्टरनं मोजून द्यायचं. मनानं लावत राहिलं की कातडी पातळ होते आणि एकदम सोडलं की भडका उडतो. सोडायचं तेही त्यांच्या देखरेखीखाली, हळूहळू. बाकी मलम त्यांनी लिहून दिलंय, आणि सनस्क्रीन, घरात असलं तरी, दिवसातून पुन्हा पुन्हा. प्रेरणानं विचारलं, जाईल ना? बाई म्हणाल्या, फिका होईल, महिने लागतील, उन्हाळ्यात परत डोकंही काढेल, तुम्ही तुमची कामं थांबवू नका. मला वाटलं, हे ऐकून ती खचेल. ती बाहेर आली, स्कार्फ काढला, पिशवीत ठेवला, मग दारातलं ऊन बघून परत बांधला. पण घरी आल्यावर, बिल्डिंगच्या सावलीत पाय टाकला तिथंच सोडला, आणि खालच्या बायकांशी उघड्या तोंडानं अर्धा तास बोलत उभी राहिली. मी भाजीची पिशवी धरून बघत होतो. पंधरवड्यात वांग घालवणाऱ्या ट्यूबला मी हात जोडले होते, पण या अर्ध्या तासापुढं ती काहीच नव्हती.

तुमच्या वाणाला मी नावं ठेवतोय असं कृपया समजू नये. तुमचा हेतू सोन्यासारखा होता. मोतीरामनंही खोक्यावर काय लिहिलंय ते वाचलं नसणार. दादांना नमस्कार, सोनियाला आशीर्वाद.

आपला,
सुदर्शन

ता. क. प्रेरणा लग्नाला येणार आहे, जशी आहे तशी. फोटोग्राफरला तिनं फोनवर बजावलंय, की मला पुसून गोरी करू नका.

ता. क. २. हे पत्र खरं तर ज्यासाठी लिहिलं ते वर लिहायचा धीर झाला नाही. परवा ग्रुपवर सोनियाचा साडीतला फोटो आला. सगळ्यांनी लिहिलं, काय तेज आलंय पोरीला. प्रेरणा तो फोटो मोठा करून किती वेळ बघत बसली आणि म्हणाली, ‘हे लग्नाचं तेज नाय, हे ट्यूबचं आहे. मला आलं होतं.’ वहिनी, पोरीची ट्यूब मांडवात संपायला नको. तुम्ही ओढून घेऊन फेकूही नका, लगेच भडकेल. बुधवारी तिला डॉक्टरीणबाईंकडं घेऊन या. मोतीरामला पुढचं खोकं पाठवू नको म्हणून मी सांगितलंय, चैत्रातल्या हळदीकुंकवाला कैरीची डाळ पुरे.

ता. क. ३. हे प्रेरणा सांगतेय, मी फक्त लिहितोय. व्हिडिओ कॉलवर तुम्ही बस्ता दाखवता तेव्हा नुसता हात दिसतो आणि आवाज येतो, असं संक्रांतीनंतर किती दिवस चाललंय. बुधवारचे नंबर दोन लावलेत. दुसऱ्यापुढं नाव घातलेलं नाही, ‘सोबतच्या बाई’ एवढंच लिहिलंय. प्रेरणा स्टँडवर उभी राहील. तुम्ही स्कार्फ सोडला नाही तरी ती तुम्हाला ओळखेल.