साडेनऊ बोटांच्या मामांस, नव्या राऊटरविषयी

डिंडोली, सुरत
चंदी पडवा (कोजागिरीचा दुसरा दिवस), सकाळी

तीर्थरूप योगराजमामांच्या पायांशी भाचा लोटू याचं डोकं, आणि कलामामींच्या पायांशीही तेच.

इकडची सर्व मंडळी सुखरूप आहेत. (हे वाक्य मी प्रत्येक पत्रात लिहीत आलो, पण या खेपेला दोन्ही हातांची बोटं मोजून मग लिहिलं आहे.) तुमच्या गुडघ्याचं दुखणं कसं आहे, मामींचा खोकला गेला का, ते कळवावं. मामींनी पाठवलेली बिबडी पोचली आणि संपलीही. सोबत सणाच्या गोड घारीचा डबा पाठवतो आहे. तुम्हाला साखरेचा त्रास, तेव्हा तुम्ही डबा उघडून वास घ्यावा आणि मामींच्या हवाली करावा. समोरच्या खोलीतल्या उषाबाई दुपारच्या गाडीने अमळनेरला निघाल्या आहेत, डबा आणि पत्र त्याच आणतील. हातात फोन असताना लोट्याला पत्र कसं सुचलं, असं तुम्ही म्हणाल. तर मामा, तुम्ही फोन स्पीकरवर टाकून ओट्यावर बसता आणि माझी भीती सगळी गल्ली ऐकते. इकडे आमची खोली दहा बाय बारा, आणि लेक हर्षदा शेजारीच बसलेली असते. हे पत्र मी तिच्यापासून चोरून लिहितो आहे. ते का, हे पुढे येईलच.

मागच्या रविवारी तुम्ही विचारलंत, नवं राऊटर जुन्यापेक्षा बरं का. मी नुसतं ‘हो’ म्हणून फोन ठेवला. आता खरं सांगतो. तुमचं जुनं मशीन, म्हणजे लाकडात खाच पाडायचं आणि कडेला गोलाई द्यायचं ते सहा किलोचं लोखंडी धूड, मी बावीस वर्षं चालवलं आणि बावीस वर्षं रोज सकाळी त्याला भ्यालो. डिंडोलीत माझी ख्याती उलटी आहे. मी मशीन हातात घेतलं की सगळ्यांना लांब उभं करतो आणि मोठ्याने ओरडतो, म्हणून लोक मला खमक्या समजतात. प्रत्यक्षात मी घाबरल्यावर ओरडतो. त्या मशीनला हळू सुरू होणं ठाऊकच नव्हतं. बटण मोटरच्या डोक्यावर, म्हणजे चालू करायला एक हात सोडायचा, आणि नेमका तेव्हाच ते मनगटाला हिसडा द्यायचं. मग भोकांतून ठिणग्या. आवाज नवागामपर्यंत. आणि बंद केल्यावरही खालचं बिट, म्हणजे कापणारं पातं, बराच वेळ आपलं फिरतच राहायचं. हे मी तुम्हाला काय सांगावं, डाव्या हाताचं अर्धं बोट तुम्ही बंद केलेल्या मशीनलाच दिलंत.

त्या दिवसापासून तुम्ही आपल्या कारखान्यात (एका शटरच्या गाळ्याला कारखाना म्हणायचं हेही तुमच्याकडूनच शिकलो) तो नियम घातला. प्लग घालण्याआधी आणि काढल्यानंतर विश्वकर्म्याच्या तसबिरीपुढे दोन्ही हात धरायचे, आधी सुलटे, मग उलटे, आणि बोटं मोठ्याने मोजायची. तुम्ही ‘साडेनऊ’ इतक्या ऐटीत म्हणायचात की मला माझी दहा असल्याची लाज वाटायची. मग तुमचं ते ठरलेलं वाक्य, ‘लोट्या, मशीनले घाबरजो, बोटं राहतीन.’ मी तुमचा हा एकच उपदेश मनापासून पाळला. आणि एवढं असून, पहिल्यांदा मशीन माझ्या हातात दिलंत तेव्हा तुम्ही दाराबाहेर गेलात, माझ्याकडे पाठ केलीत आणि बिडी तोंडात धरून रस्त्याकडे बघत राहिलात. मी अख्खी चौकट कापून होईपर्यंत वळून पाहिलं नाहीत. एवढा विश्वास मला तर स्वतःच्या हातांवर आजही नाही.

वीज गेली होती तो दिवस तुमच्या लक्षात असेल. मशीन चालू असतानाच वीज गेली, बटण तसंच राहिलं, ते टेबलावर आडवं ठेवून आपण चहाला गेलो. वीज आली तेव्हा आपण समोरच्या टपरीवर होतो. आवाज ऐकून तुम्ही धावलात, तोवर ते टेबलावरून खाली उतरून वायरीच्या टोकाशी गरगर फिरत होतं आणि तुम्ही गाळ्यात काढून ठेवलेल्या उजव्या चपलेचा अंगठा त्याने खाल्ला होता. तुम्ही हसत होतात. मी टपरीवाल्याच्या बाकावर चढून उभा होतो, कारखान्यापासून पन्नास पावलांवर.

आता नवं मशीन. जुन्याचा कोलेट, म्हणजे बिट धरून ठेवणारा चाप, झिजला, चालत्या कामात बिट घसरून खाली यायला लागलं, तेव्हा तुमच्या सूनबाईने, सुषमाने, निकाल लावला की हे आजपासून बंद. दसऱ्याच्या आदल्या दिवशी मी आणि हर्षदा उधनाच्या एका दुकानातून नवं घेऊन आलो. वजन निम्मं. बटण मुठीच्या आतच, म्हणजे दोन्ही हात जागच्या जागी राहतात. बटण दाबलं की ते एकदम धावत नाही, हळूहळू चढत जातं. वेग कमीजास्त करायला चाक आहे. खाली दिवा लागतो, रेघ स्पष्ट दिसते. भुसा नळीतून पिशवीत जातो. बंद केलं की दोन सेकंदात बिट थांबतं. हे सगळं दुकानदाराने दाखवलं आणि प्रत्येक गुण ऐकताना मी एक पाऊल मागे सरकत होतो. जुनं मशीन कधी चावणार ते मला पाठ होतं. हे चावणारच नाही म्हणतात, मग सावध नेमकं कधी राहायचं? शेवटी दुकानदार म्हणाला, ‘काका, आ तो छोकरुंय चलावे.’ म्हणजे पोरसुद्धा चालवेल. मी दचकून हर्षदाकडे पाहिलं. तिने ते ऐकलं होतं.

दसऱ्याला रीतीप्रमाणे खंडेपूजा केली. सुषमाने रंधा, करवत, पटाशी यांच्या रांगेत नवं मशीन मधोमध मांडलं, हळदकुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली. जुन्यालाही कोपऱ्यातून आणून बसवलं, कारण न बसवण्याचं धैर्य माझ्यात नव्हतं. मग मी दोघांच्याही मुठींना लाल दोरा बांधला, तुम्ही बांधायचात तसाच, पाच वेढे, करकचून, निरगाठ. दुसऱ्या दिवशी हात दाखवले, दहा मोजली, प्लग घातला, आणि मशीन गप्प. फक्त एक तांबडा दिवा उघडझाप करत होता. मामा, ओरडणाऱ्या मशीनजवळ मी बावीस वर्षं काढली, पण माझ्याकडे बघत गप्प बसलेलं मशीन मी पहिल्यांदा पाहिलं. मी झाडूच्या दांड्याने बोर्डाचं बटण बंद केलं आणि दोन तास बाहेर बसलो. मनात आलं, जुन्याला बाजूला केलं त्याचा राग असेल. मनात आलं, हे मी जवळ येण्याची वाट बघतंय. दोन्ही विचार मी सुषमाला सांगितले, तिने मला चहा दिला आणि दुकानात जा म्हणाली.

रिक्षात ते मांडीवर घेऊन बसलो, बिटाचं तोंड बाहेर करून. (बिट काढायला पाना लावावा लागतो आणि पाना लावायला हात जवळ न्यावा लागतो, म्हणून ते तसंच राहिलं.) शेजारची दोन माणसं डिंडोलीच्या पुलाआधीच उतरून गेली. रिक्षात प्लग नसतो, हे हर्षदाने मला वाटेत दोनदा समजावलं. दुकानदाराने मशीन हातात घेतलं, झेंडूची पाकळी फुंकली आणि विचारलं, ‘काका, दोरो कोणे बांध्यो?’ माझ्या पाच वेढ्यांखाली मुठीतलं बटण दाबलेलं राहिलं होतं. बटण दाबलेलं असताना वीज आली तर हे मशीन मुद्दाम सुरू होत नाही म्हणे. आधी बटण सोडा, मगच चालू होईन, असा त्याचा हट्ट. त्याने ब्लेडने दोरा कापला, बटण नव्याने दाबलं आणि मशीन लगेच चालू झालं. म्हणजे जुनं असतं तर टेबलावरून उतरून माझ्या अंगावर आलं असतं, आणि याने माझी चूक ओळखून हात आखडता घेतला. मला हायसं वाटायला हवं होतं. मी त्याला आणखीच भ्यालो.

कारण खरी गोष्ट त्यानंतर घडली. हर्षदाने दुकानातच ते हातात घेतलं, फळीच्या एका तुकड्यावर सरळ खाच पाडली आणि मला म्हणाली, ‘पप्पा, हवे हुं चलावीश.’ आता मी चालवीन, म्हणे. बमरोलीच्या एका मिलच्या ऑफिसात तिला कॉम्प्युटरवरची जागा मिळाली आहे, सोमवारपर्यंत हो किंवा नाही कळवायचं आहे. तिला ते नको. देवघरांची चित्रं ती मोबाइलवर काढतेच, आता ती देवघरं स्वतः घडवायची म्हणते. मी सांगितलं, लोक काय म्हणतील. ती म्हणाली, कोणते लोक? मला एकाही माणसाचं नाव आठवेना. जुनं मशीन होतं तोवर मला काही बोलावंच लागत नव्हतं. त्याचा आवाज झाला की ती लहानपणी उंबऱ्याच्या आत पाऊल टाकत नसे, दारातच बसून बघायची. ते धूड माझी पोर लांब ठेवत होतं, आणि मी त्याला वैरी समजत होतो. नव्या मशीनने ते दार सताड उघडलं. तिची बोटं माझ्या डोळ्यांपुढून हलत नाहीत, मामा. जेवताना ती भाकरी मोडते आणि मी मोजत बसतो.

बाकी ठीक. तिकडच्या मंडळींना वय बघून नमस्कार किंवा आशीर्वाद वाटून द्यावा.

तुमचा आज्ञाधारक भाचा,
लोटू

ता. क. १ : पत्राचं खरं कारण हे. हर्षदा माझं ऐकत नाही, पण मामाआजोबांचा शब्द तिला देवासारखा. तुम्ही तिला चार ओळी लिहाव्यात की मशीन जुनं काय, नवं काय, फार वाईट असतं. तुमच्या बोटाची हकीकत सविस्तर लिहावी, रक्ताचं जरा वाढवूनच लिहावं. बमरोलीच्या ऑफिसात पंखा आहे, हेही घालावं. मी सांगितलं असं मात्र कळू देऊ नये.

ता. क. २ : वरचं लिहून झालं, सुषमाने चहा दिला आणि कप घेऊन मी गाळ्याकडे आलो, तर शटर अर्धं वर होतं. नवं मशीन चालू होतं आणि मला घरात ऐकूही आलं नव्हतं. जुन्याने असा दगा कधी दिला नाही. हर्षदा देवघराच्या दाराला गोलाई देत होती, डोळ्यांना चष्मा, तोंडाला फडकं, दोन्ही हात मुठींवर. ओरडायला माझं तोंड उघडलं, आणि ती दचकेल म्हणून मी ते मिटलं. घाबरून गप्प बसण्याची ही माझी पहिलीच वेळ. मला बघवेना. मी वळलो, तिच्याकडे पाठ केली आणि रस्त्याकडे बघत चहा पीत उभा राहिलो. मशीन थांबलं. प्लग निघाल्याचा आवाज आला. मग तिचा आवाज आला, एक, दोन, तीन. वळून पाहिलं तर ती तसबिरीपुढे दोन्ही हात धरून उभी, आधी सुलटे, मग उलटे. तिला हे मी शिकवलेलं नाही, दारात बसून शिकली असेल. मोजून झाल्यावर तिने हात माझ्याकडे केले. मी दोनदा मोजली. दहा आहेत. गोलाई माझ्यापेक्षा साफ आली आहे, हे मी तिला अजून बोललो नाही.

ता. क. ३ : तेव्हा ता. क. १ खोडलेला समजावा. उषाबाई पिशवी घेऊन दारात उभ्या आहेत, पत्र नव्याने लिहायला वेळ नाही. रक्ताचं काही लिहू नका. तुमचं जुनं मशीन मी भंगारात देणार नाही, ते उंबऱ्याजवळ ठेवून देतो. आणखी एक, हे फक्त तुम्हालाच विचारतो. मी रस्त्याकडे तोंड करून उभा होतो तेव्हा सुषमा बाहेर आली आणि म्हणाली, अहो, केव्हापासून कप तोंडाला लावताय, त्यात चहा कुठे आहे? मामा, मी पहिली चौकट कापत होतो त्या दिवशी तुमची ती बिडी पेटलेली होती का, तेवढं कळवा.